तळघरातले पाणी



या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा मोठ्या विषयांवर विद्वानांनी बोलावे असा आपला रिवाज आहे. मी माझा विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी मला पुन्हा विचारले, "तळघरातले पाणी म्हणजे काही रूपक वगैरे आहे काय?" मी म्हटले, "नाही हो. तळघर म्हणजे तळघर आणि पाणी म्हणजे पाणी." त्यांनी मोठ्या मनाने मान्य केले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

मी इंजिनियर नव्हे. माझे शिक्षण रात्रशाळेत झाले, आणि जे पुढे झाले ते वाचनालयात आणि बांधकाम कामगारांच्या संघटनेत. गवंडी, प्लंबर, पंप चालवणारे, खोदकाम करणारे, यांच्याबरोबर तीस वर्षे काढली. त्यांच्या हातांना जे ठाऊक असते ते पुस्तकात सापडले की मला आनंद होतो, आणि पुस्तकातले त्यांच्या हातात दिसले की त्याहून अधिक. आज जे सांगणार आहे त्यातले बरेचसे त्यांचे आहे. एक गोष्ट मात्र माझी स्वतःची आहे, आणि ती अभिमानाने सांगण्यासारखी नाही.

हा विषय वसंतातच बोलायला हवा, याचेही कारण आहे. सध्या जमीन कोरडी आहे. मृग सात-आठ जूनला निघतो. तळघराच्या पाण्याचा बंदोबस्त आपण आषाढात करायला धावतो, आणि आषाढात तो होत नाही. ओल्या भिंतीवर गिलावा धरत नाही, चर खणला तर कडा ढासळतात, आणि कारागीर मिळत नाहीत. जे करायचे ते या पाच-सहा आठवड्यांत करायचे असते.

पुण्याच्या दक्षिण भागात, ओढ्यापासून फार लांब नाही अशा ठिकाणी, आमची चोवीस बिऱ्हाडांची इमारत आहे. खाली तळघर. तेथे मोटारी लागतात, पाण्याची टाकी आहे, पंप आहे, लिफ्टचा खड्डा आहे. बांधून दहा वर्षे झाली आणि भिंतींना ओल धरू लागली. मी व्यवस्थापन समितीत होतो. सभेच्या इतिवृत्ताची वही आजही कपाटात आहे. तीत २०१५ पासून दरवर्षी एक ओळ सापडते: "तळघरातील पाण्याबाबत चर्चा झाली."

चर्चेनंतर कंत्राटदार येत. पहिल्याने भिंतीला आतून पांढरे सिमेंट फासले. दुसऱ्याने भेगांत सुईने रसायन भरले. तिसऱ्याने जुना गिलावा खरवडून नवा केला आणि दहा वर्षांच्या हमीचा कागद दिला. हमीचा कागद अजून कोरडा आहे, भिंत मात्र श्रावणातच फुगली आणि गिलाव्याचे पापुद्रे मोटारींवर पडू लागले.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. तळघराची भिंत ही साधी भिंत नव्हे. तिच्या पाठीशी माती आहे, आणि पावसाळ्यात त्या मातीत पाणी आहे. पाण्याचा भार खोलीबरोबर वाढतो. एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरला एक टन, तीन मीटरवर तीन टन. बाहेर जमिनीपर्यंत पाणी साचले असेल, तर तीन मीटर उंचीच्या भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साडेचार टन पाणी रेटा देत असते. अशा पाण्यापुढे आपण आतून अर्धा इंच गिलावा लावतो. बाहेरून लावलेला लेप पाण्याच्या भाराने भिंतीला अधिकच चिकटतो. आतून लावलेला लेप त्याच भाराने सुटतो. कोणी दार बाहेरून ढकलत असेल तर आतून त्यावर कागद चिकटवून काय उपयोग? जुन्या दगडी वाड्यांच्या तळघरांत तर आणखी एक घोटाळा होतो. चुन्यात बांधलेली भिंत श्वास घेते; आत आलेली ओल हळूहळू हवेत सोडते. तिला आतून सिमेंटने बंद केले की ओल अडकते आणि वर चढते. मग तळघर कोरडे दिसते आणि माजघराच्या भिंतीला लोणा लागतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ती ही गत.

अखेर २०१९ च्या मे महिन्यात मी आमच्या संघटनेच्या एका जुन्या सभासदाला बोलावले. चाळीस वर्षे गवंडीकाम केलेला माणूस, वय सत्तरीच्या घरात. त्याला मी बाबा म्हणतो. बाबांनी तळघरात पाऊल टाकण्याआधी इमारतीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मी म्हटले, "बाबा, ओल आत आहे." ते म्हणाले, "भाऊ, ओल आत आहे, पण पाणी बाहेर आहे."

त्यांनी मला चार प्रश्न विचारले. ते आपणही घरी विचारावेत.

पहिला: पाणी पाऊस पडताच तासा-दोन तासांत येते का? येत असेल तर ते वरचे पाणी आहे. गच्चीचे, अंगणाचे, फुटक्या पन्हळीचे. दुसरा: पाऊस उघडल्यावरही आठवडेच्या आठवडे, अगदी दिवाळीपर्यंत, झिरपत राहते का? तर ते जमिनीतले पाणी आहे. आपल्याकडे वर मुरूम आणि खाली काळा पाषाण. तळघरासाठी पाषाणात खड्डा फोडला, भिंती उभारल्या, आणि भोवतालची पोकळी राडारोड्याने भरली, की इमारत दगडी परातीत बसल्यासारखी होते. भोवतीचे पाणी त्या सैल भरावात उतरते आणि पाषाणातून त्याला बाहेर पडायला वाट नसते. भादव्यात विहिरींची पातळी चढते, खडकाच्या चिरांतून उपळ फुटतात, आणि फरशीच्या सांध्यांतून पाणी वर येते. तिसरा: वैशाखातही भिंत ओली आहे का? असेल तर पावसाला बोल लावू नका. ती टाकीची, नळाची किंवा सांडपाण्याच्या नळीची गळती आहे. रात्री टाकी भरून, नळ बंद ठेवून पातळीवर खूण करावी आणि सकाळी पाहावी. मोरीत किंवा संडासात थोडा रंग टाकावा. तो भिंतीवर उमटला तर चोर सापडला. चौथा: हे पाणी खरोखर भिंतीतून येते का? जूनच्या आरंभी हवा दमट असते आणि तळघराची भिंत थंड. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम येतो तसा भिंतीला येतो. भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब तुकड्याच्या वर, खोलीच्या बाजूला आले तर तो हवेतला दमटपणा. तुकड्याच्या मागे आले तर झिरप.

या चार प्रश्नांना एक पैसा लागत नाही. लागते ती एक वही. कोणत्या तारखेला किती पाऊस झाला, पाणी कोठे आले, किती वेळाने आले, एवढे एका पावसाळ्यात लिहून ठेवले तर निम्मे निदान होते. आम्ही चार वर्षे इतिवृत्त लिहिले, पण पाण्याची तारीख कोणी लिहिली नव्हती.

आमच्या इमारतीत पळसाला पाने तीनच निघाली. गच्चीचे पाणी उतरवणारी मागच्या कोपऱ्यातली नळी जमिनीपासून दोन फुटांवर तुटली होती आणि सगळे पाणी भिंतीच्या पायाशी सोडत होती. आमची गच्ची सुमारे तीनशे चौरस मीटर. तीनशे चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे तीनशे लिटर. पन्नास मिलिमीटर झाला की पंधरा हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचा टँकर दीड वेळा आपणच आपल्या पायात रिकामा करतो. दुसरे, मागच्या अंगणात हौसेने फरशी बसवली होती, तिचा उतार इमारतीकडे होता. तिसरे, टाकीची एक नळी भिंतीतून जाते, तिच्या भोवतीची फट उघडी होती. वैशाखातली ओल तिची.

यावरचे उपाय मी क्रमाने सांगतो, कारण सगळा गुण क्रमात आहे.

आधी वरचे पाणी दूर करावे. गच्चीच्या नळ्या नीट करून त्यांचे पाणी भिंतीपासून निदान सहा-आठ फूट लांब, शक्य तर पावसाळी गटारात किंवा शोषखड्ड्यात सोडावे. शोषखड्डा भिंतीला खेटून खणू नये, नाहीतर ते पाहुण्याला बाहेर घालवून मागच्या दाराने आत घेण्यासारखे आहे. भिंतीभोवतीच्या जमिनीला बाहेरच्या दिशेने उतार द्यावा. पहिल्या दहा फुटांत अर्धा फूट उतार असला तर पाणी थांबत नाही. पुष्कळ घरांचे दुखणे एवढ्यावरच थांबते.

मग भेगा आणि नळ्यांची भोके भरावीत. ती भरताना भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी, बाहेर रुंद आणि आत अरुंद अशी खोदू नये. आत रुंद आणि बाहेर अरुंद खोदावी, म्हणजे भरलेला मसाला रेट्याने बाहेर पडत नाही.

तरीही जमिनीतले पाणी राहिले, तर ते अडवण्याचा हट्ट सोडून त्याला वाट करून द्यावी. बाहेरून भिंतीच्या कडेने चर खणून तळाशी भोके असलेली नळी टाकतात, तिच्याभोवती खडी आणि माती अडवणारे कापड. भिंतीला बाहेरून डांबराचा किंवा तत्सम लेप. हे सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत खर्चाचे काम. जागा नसेल तर आतून, भिंतीच्या कडेने फरशीत उथळ नाली करून पाणी सर्वांत खालच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात न्यावे आणि पंपाने उपसावे. पंपाला तरंगत्या गोळ्याचा खटका असावा, म्हणजे पाणी चढताच तो आपोआप सुरू होतो. बाहेर सोडलेले पाणी परतू नये म्हणून नळीत एकदिशा झडप असावी. आणि ज्या रात्री पंपाची गरज सर्वाधिक, त्याच रात्री वीज जाते, हे गृहीत धरून इन्व्हर्टर किंवा दुसरी सोय असावी. लेप, रसायने, गिलावा यांचा क्रम या सगळ्यानंतर. ती वाईट नाहीत, शेवटची आहेत.

बाहेरून चर खणण्याविषयी दोन शब्द अधिक बोलणार आहे, कारण येथे माझ्या सभासदांचे जीव गुंततात. भिंतीलगत एकाच वेळी सगळी लांबी उघडू नये. थोडे थोडे खणावे, भरावे, पुढे जावे. पायाच्या तळाखाली कधीही उतरू नये. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते. दीड मीटर खोल चरात वाकलेल्या माणसावर कड कोसळली, तर छातीवरचा भार काढेपर्यंत श्वास संपतो. अशा चराला दोन्ही बाजूंनी फळ्यांचा आधार हवा. घरमालक दर ठरवताना फळ्यांचा खर्च कापायला सांगतो, आणि कंत्राटदार आनंदाने कापतो. आपल्या घरी असे काम निघाले तर फळ्या दिसल्याशिवाय माणसाला खाली उतरू देऊ नका. तसेच बंद टाकीत किंवा मैल्याच्या खड्ड्यात कोणालाही 'जरा उतरून बघ' म्हणू नका. तेथला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही.

बाबांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही नळी वळवली, अंगणाची फरशी उखडून उतार फिरवला, टाकीची फट भरली. तीन कंत्राटदारांना मिळून जे दिले होते त्याच्या चौथ्या हिश्शात काम झाले. जून गेला, जुलै गेला, भिंत कोरडी. ऑगस्टच्या सभेत मी स्वतः इतिवृत्तात लिहिले: "तळघरातील पाण्याचा प्रश्न सुटला आहे."

आता जी गोष्ट सांगायला मी आलो, ती येथे सुरू होते.

मे महिन्यात काम पाहून निघताना बाबा पंपाशेजारच्या खोलीपाशी थांबले होते. तेथे आमच्या रखवालदाराचे बिऱ्हाड होते. तो, त्याची बायको आणि दोन मुले, मराठवाड्यातून आलेली. खोली आठ बाय दहाची, दार मोटारींच्या बाजूला उघडणारे, आणि छताजवळ जमिनीच्या पातळीवर एक झरोका, त्याला लोखंडी जाळी. बाबांनी ओल्या भिंतीला टेकलेले अंथरूण पाहिले आणि मला विचारले, "भाऊ, पाण्याचं आपण बघू. पण ही माणसं इथं का राहतात?"

मी म्हणालो, "विषय पुढच्या सभेत घेऊ."

मित्रहो, हे वाक्य मी आयुष्यभर टेबलाच्या पलीकडून ऐकले आहे. व्यवस्थापकांनी मला ते ज्या आवाजात ऐकवले, त्याच आवाजात ते माझ्या तोंडून निघाले. कामगारांना घरे मिळावीत म्हणून मी मोर्चे काढले आहेत, आणि माझ्याच जिन्याखाली एक कामगार कुटुंब चार वर्षे राहत होते, हे मला दिसत नव्हते असे नाही. दिसत होते. सोयीचे होते. पंप रात्री बंद करायला माणूस हाताशी होता. इतिवृत्ताच्या वहीत मोटारींचा उल्लेख नऊ वेळा आहे, लिफ्टच्या खड्ड्याचा सहा वेळा. त्या खोलीचा एकदाही नाही. पुढच्या सभेतही विषय निघाला नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या दक्षिण भागात काय झाले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आंबील ओढ्याला पूर आला, वस्त्यांत पाणी शिरले, अनेकांचे प्राण गेले. आमच्या इमारतीत पाणी भिंतीतून आले नाही. भिंत त्या रात्रीही धड होती. पाणी रस्त्यावरून आले आणि मोटारींच्या रॅम्पवरून सरळ खाली उतरले. झिरप आणि पूर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी पुस्तकात वाचले असते तर परवडले असते.

रखवालदार वर फाटकाशी होता. खाली त्याची बायको आणि मुले झोपली होती. त्याने आरडाओरडा केला, आम्ही धावलो, तोवर दारापाशी मांडीइतके पाणी होते आणि दार उघडेना. ते का उघडत नाही, याचा हिशेब मी नंतर केला. दार तीन फूट रुंद आणि बाहेर अर्धा मीटर पाणी असेल, तर दारावर शंभर-सव्वाशे किलोंचा भार पडतो. पाण्याच्या दिशेने ते ढकलायला कडीपाशी त्यातला निम्मा जोर लागतो. पाणी एक मीटर झाले की भार दुप्पट होत नाही, चौपट होतो, साडेचारशे किलो. अंधारात, दोन मुले कडेवर घेतलेल्या बाईने ते दार कसे ढकलावे? मुख्य खटका बंद करायचे भान दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंना झाले, आम्हा समितीवाल्यांपैकी कोणालाच नाही. त्यांनी तो बंद केला नसता, तर पाण्यात उतरलेले आम्ही सगळे विजेच्या धक्क्याने गेलो असतो. शेजारच्या बांधकामावरच्या दोघा बिगाऱ्यांनी पहार आणून झरोक्याची जाळी उचकटली. आधी धाकटी मुलगी, मग मुलगा, मग त्यांची आई, अशी त्या भोकातून बाहेर ओढली. तेव्हा आतले पाणी तिच्या छातीला लागले होते.

तिघे वाचले. म्हणून मी येथे उभा राहून बोलू शकतो.

इतरत्र असे वाचलेले नाहीत. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये एका वादळाच्या शेपटाने एका तासात ऐंशी मिलिमीटर पाऊस पाडला. त्या शहरात तेरा माणसे मेली, त्यांतली अकरा तळघरांत राहणारी होती. त्यांतली बहुतेक घरे नगरपालिकेच्या दफ्तरी राहण्याची घरे नव्हतीच. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत, जुन्या राजेंद्रनगरात, एका शिकवणी वर्गाच्या तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरले आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडाले. परवानगी त्या जागेत सामान ठेवण्याची होती. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत तळघर कशासाठी वापरावे याची यादी आहे. तीत साठवण आहे, तिजोऱ्या आहेत, यंत्रे आहेत, वाहने आहेत, ग्रंथालयाच्या पुस्तकांची कोठारेसुद्धा आहेत. माणसाने झोपायची जागा नाही. रस्त्याचे पाणी तळघरात शिरू नये अशी रचना हवी, हेही त्याच संहितेत लिहिलेले आहे.

आणखी एक गोष्ट कोरियाची. तेथे सोल शहरात अर्धी जमिनीखाली असलेली घरे आहेत. १९७० साली युद्धाच्या भीतीने इमारतींना आसऱ्यासाठी तळघरे सक्तीची केली. पुढे घरांची टंचाई झाली तेव्हा त्यांत माणसे भाड्याने राहू लागली. २०२० च्या गणनेत सोलमध्ये अशी सुमारे दोन लाख कुटुंबे होती. ८ ऑगस्ट २०२२ च्या रात्री तेथल्या एका घरात पाणी भरले. पाण्याच्या भाराने दार उघडेना. खिडकीला चोरांसाठी गज होते. शेजाऱ्यांनी प्रयत्न केले, पण एक बाई, तिची अपंग बहीण आणि बाईची तेरा वर्षांची मुलगी, तिघी बुडाल्या. ती बाई दुकानांत विक्रीचे काम करणाऱ्या कामगारांच्या संघटनेची पदाधिकारी होती. हे वाचले तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवले. माझ्याच कामातली माणूस. दिवसभर दुसऱ्यांच्या हक्कांसाठी बोलून रात्री ती अशा घरी जात होती, ज्याचे दार पावसात उघडत नव्हते. मी मात्र दिवसभर तेच बोलून दुसऱ्या मजल्यावर जात होतो.

पुरानंतरच्या सकाळी आमच्या तळघरात चार फूट पाणी होते. सभा जमली. पहिला विषय निघाला मोटारींच्या विम्याचा. कोणीतरी डिझेलचा पंप आणला आणि तो खाली रॅम्पवर ठेवून सुरू करायची तयारी केली. बाबा आले होते, त्यांनी अडवला. इंजिन बंदिस्त जागेत चालवले की त्याच्या धुरातला विषारी वायू माणसाला गाढ झोपवतो आणि उठू देत नाही. पंप वर, उघड्यावर ठेवायचा आणि नळी खाली सोडायची. त्यांनी दुसरेही सांगितले: सगळे पाणी एका दमात उपसू नका. बाहेरची माती पाण्याने गच्च आहे, तिचा रेटा भिंतीवर आहे, आतले पाणी त्या रेट्याला टेकू देते आहे. टेकू एकदम काढला तर भिंत आत येईल. फूटभर उपसा, खूण करा, थांबा, पातळी पुन्हा चढत नाही हे पाहा, मग पुढचे. आम्हाला तीन दिवस लागले, पण भिंत उभी राहिली.

त्या सभेत मी उठून म्हणालो, "विमा नंतर. खोलीचा विषय आधी घ्या." एकाने विचारले, "मग इतके दिवस का घेतला नाही?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. सोसायटीचे कार्यालय तळमजल्यावर होते. ते रिकामे करून त्या कुटुंबाला द्यायला दीड महिना गेला. कपाट कोठे ठेवायचे यावर दोन सभा झाल्या. ते कपाट आता पहिल्या मजल्याच्या जिन्यात आहे आणि कोणाचे काही अडले नाही. रॅम्पच्या तोंडाशी रस्त्याहून उंच असा उंचवटा केला, त्याच्या पुढे आडवी जाळीची नाली घातली. पुराच्या वेळी टाकायच्या फळ्या खाचांसह तेथेच ठेवल्या. विजेच्या पेट्या वर हलवल्या, आणि गळतीचा प्रवाह जाणवताच वीज तोडणारा खटका बसवला. जुन्या खोलीत आता झाडू आणि बादल्या असतात.

तर मंडळी, मृगाला थोडे दिवस राहिले आहेत. उद्या सकाळी घराभोवती एक फेरी मारा. पन्हळी कोठे पडतात, अंगण कोणीकडे उतरते, रस्त्याचे पाणी चढले तर कोठून आत शिरेल, हे पाहा. वही करा. गिलाव्याला सर्वांत शेवटी हात घाला. पाणी वाढत असताना मोटार, स्कूटर किंवा सामान काढायला कोणी खाली उतरणार नाही, असा नियम आताच करा. त्या क्षणी तो सुचत नाही.

आणि फेरी संपली की तळघरात उतरा, पंपाशेजारी एखादी खोली आहे का ते पाहा. तेथे अंथरूण दिसले, तर ओल नंतर मोजा. रात्री किती जण झोपतात ते विचारा, दार कोणीकडे उघडते ते पाहा, झरोक्याची जाळी आतून उघडते का ते हाताने ओढून पाहा. मग वर या आणि सभा बोलवा. पुढची नव्हे, त्याच आठवड्यातली.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना कधी दिले नाही, आणि त्यांनीही पुन्हा विचारले नाही. तो प्रश्न मी आज आपल्यापाशी ठेवतो.